दर सोमवारी दहा मिनिटे मेल बंद: रिव्हर्स प्रॉक्सीमागच्या पोस्टफिक्स आणि डव्हकॉटचे समस्या निवारण

इंदूरच्या सियागंजातील एका घाऊक व्यापारी पेढीचे मेल सर्व्हर मी सांभाळतो. या पेढीकडून कित्येक महिने सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मला हिशेब विभागातील ताईंचा फोन येत असे आणि त्यांचे वाक्यही ठरलेले असे: "भाऊ, मेल परत बसलं, एकही बिल जात नाहीये." मी रामबागेतील घरून जोडणी करून सर्व्हर रिस्टार्ट करीत असे, चार-पाच मिनिटांत मेल सुरू होत असे, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच घडत असे. हा दोष शोधायला लागला त्याहून कितीतरी अधिक वेळ तो चुकीच्या जागी शोधण्यात गेला. प्रॉक्सीमागे मेल ठेवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा दोष केव्हा ना केव्हा भेटतोच, म्हणून तो ओळखण्याची आणि दूर करण्याची पद्धत येथे सविस्तर लिहीत आहे.

वाचण्याच्या सोयीसाठी आज्ञा आणि सेटिंगची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि आकडेही इंग्रजी (0 ते 9) घेऊन टंकावयाची आहेत. ओळीत जेथे अधोरेषा दिसेल तेथे ती तशीच ठेवावी.

रचना अगदी साधी आहे. पेढीकडे सार्वजनिक स्थिर आयपी पत्ता एकच आहे आणि यंत्रे मात्र अनेक आहेत, त्यामुळे त्या पत्त्यावर एचएप्रॉक्सी ही रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरची प्रत्येक जोडणी आधी स्वतः घेऊन मागच्या यंत्राकडे देणारा कार्यक्रम, बसविली आहे आणि तिचा आतल्या जाळ्यातील पत्ता १०.२०.०.५ असा आहे. तिच्यामागे १०.२०.०.११ या यंत्रावर उबुंटू २२.०४ असून त्यावर लोकांना आयमॅप या प्रोटोकॉलने आलेले मेल वाचू देणारा डव्हकॉट आणि कर्मचाऱ्यांचे मेल बाहेर पाठविणारी पोस्टफिक्स चालते, तर १०.२०.०.१२ या जुन्या यंत्रावर उबुंटू २०.०४ असून बाहेरून येणारे मेल पोर्ट २५ वर तेच स्वीकारते. एचएप्रॉक्सी टीसीपी पद्धतीने चालते, म्हणजे ती मेलमधले काहीही वाचत नाही, केवळ जोडणी पुढे सरकवते. टीएलएस, म्हणजे कूटबद्ध जोडणी, उलगडण्याचे काम मागच्या यंत्रांवरच होते आणि प्रमाणपत्रेही तेथेच आहेत. स्टार्ट-टीएलएस वापरणाऱ्या पोर्टांसाठी हीच व्यवस्था सोयीची असते, कारण तेथे संभाषण आधी साध्या मजकुरात सुरू होते आणि मध्येच कूटबद्ध होते, आणि एचएप्रॉक्सी त्या संभाषणात भाग घेत नाही.

लक्षणे अशी होती. आरंभी मेल उघडण्यास विलंब होई, पासवर्ड बरोबर असूनही दहा-पंधरा सेकंद वाट पाहावी लागे. मग एकाएकी सर्वांचेच मेल बंद पडे, कार्यालयातल्यांचे, घरून काम करणाऱ्यांचे आणि मोबाइलवर पाहणाऱ्या मालकांचेही. आणि थोड्या वेळाने ते आपोआप सुरू होई. यातला "आपोआप" हा शब्द माझ्या फार उशिरा लक्षात आला, कारण प्रत्येक वेळी मी मध्ये रिस्टार्ट करीत होतो आणि श्रेय त्यालाच देत होतो. एका सोमवारी मी राजवाड्याच्या गर्दीत अडकलो होतो, हाताशी लॅपटॉप नव्हता, आणि काहीही न करता मेल सुरू झाल्याचा फोन आला, तेव्हा रिस्टार्टचा आणि दुरुस्तीचा काही संबंध नाही हे कळले. त्यानंतर मी घड्याळ लावून मोजले: बंद पडल्यापासून सुरू होईपर्यंत बरोबर दहा मिनिटे.

बिघाड असा घड्याळ लावून बरा होत नाही. घड्याळ लावून संपते ती बंदी. फेल-टू-बॅन या कार्यक्रमात, काहीही न बदलल्यास, दहा मिनिटांच्या अवधीत एकाच पत्त्यावरून लॉगिनचे पाच अपयशी प्रयत्न झाले की तो पत्ता दहा मिनिटांसाठी अडवला जातो. आमच्या मेल यंत्रावर डव्हकॉटसाठी तो चालू केलेला होता. बंद पडल्याच्या काळातच पुढील आज्ञा दिली:

फेलटूबॅन-क्लायंट स्टेटस डव्हकॉट

अडवलेल्या पत्त्यांच्या यादीत एकच पत्ता होता, १०.२०.०.५. म्हणजे आमच्याच मेल सर्व्हरने आमच्याच प्रॉक्सीला दारातून बाहेर काढले होते. एचएप्रॉक्सीच्या लॉगमध्ये त्याच मिनिटाला सर्व्हर डाऊन झाल्याची आणि कारण म्हणून जोडणी नाकारल्याची ओळ होती. तेही ठीकच होते, कारण एचएप्रॉक्सी मागच्या यंत्राची तपासणी दर दोन सेकंदांनी करते, सलग तीन तपासण्या फसल्या की ते यंत्र बंद असल्याचे मानते, आणि ही तपासणीही त्याच अडवलेल्या पत्त्यावरून जात होती.

असे का घडले हे पाहण्यासाठी डव्हकॉटच्या लॉगमधील एक ओळ पुरेशी असते. लॉगिनच्या प्रत्येक ओळीत "आरआयपी" म्हणजे पलीकडचा पत्ता नोंदलेला असतो. पुढील आज्ञेने सर्व पत्ते मोजून मिळतात:

ग्रेप -ओ 'आरआयपी=[^,]*' /व्हार/लॉग/मेल.लॉग | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आरएन

निरोगी सर्व्हरवर येथे अनेक ओळींची यादी यावयास हवी. आमच्याकडे एकच ओळ आली आणि तिच्यात प्रॉक्सीचा पत्ता होता. मागच्या यंत्राला दिसणारी प्रत्येक जोडणी प्रॉक्सीने नव्याने उघडलेली असते, त्यामुळे सियागंजातील ताई, विमानतळावरून मेल पाहणारे मालक आणि परदेशातून पासवर्डचा अंदाज घेणारा एखादा चोर हे तिघेही डव्हकॉटच्या दृष्टीने एकच व्यक्ती ठरतात. चोराने पाच चुका केल्या की शिक्षा त्या एका व्यक्तीला, म्हणजे सर्वांना होते.

आरंभीचा विलंबही याच कारणाने होत होता. चुकीचे पासवर्ड देणाऱ्या पत्त्याला डव्हकॉट प्रत्येक वेळी अधिकाधिक थांबवून उत्तर देतो, हा विलंब पंधरा सेकंदांपर्यंत वाढतो, आणि तो पत्त्यावर अवलंबून असल्याने निरपराधांनाही भोगावा लागतो.

सोमवारचे कोडेही येथेच सुटले. पेढीत पासवर्ड शनिवारी संध्याकाळी बदलले जात आणि सोमवारी सकाळी जुना पासवर्ड साठवलेले संगणक एकदम चालू होत. तेवढ्या चुका पुरेशा होत्या. परंतु फेल-टू-बॅनचा जुना लॉग चाळला तेव्हा इतर दिवशी आणि मध्यरात्रीही तशाच बंदीच्या नोंदी दिसल्या. रात्री कोणी मेल पाहत नव्हते, आणि दिवसा कधी बंद पडले तर लोक "नेट गेलं असेल" म्हणून सोडून देत होते. सोमवारी बिले अडत, म्हणून फोन येत असे.

तात्पुरती मलमपट्टी

ज्यांचे मेल या क्षणी बंद आहे त्यांनी आधी बंदी उठवावी:

फेलटूबॅन-क्लायंट सेट डव्हकॉट अनबॅनआयपी १०.२०.०.५

त्यानंतर जेल.लोकल या फाइलीत "इग्नोरआयपी" पुढे प्रॉक्सीचा पत्ता जोडून फेल-टू-बॅन रिलोड करावे. अनेक जण येथेच थांबतात, आणि ते मला धोक्याचे वाटते. प्रॉक्सीचा पत्ता दुर्लक्षित केला म्हणजे बाहेरून येणारा प्रत्येक जण दुर्लक्षित झाला. आता मेल बंद पडणार नाही हे खरे, पण पासवर्डचा अंदाज घेणाऱ्याला कितीही वेळा प्रयत्न करता येतील. ही पट्टी त्याच दिवशी काढण्याच्या बोलीवरच लावावी.

ज्या गोष्टीने मला खरोखर घाम फुटला ती या टप्प्यावर सापडली. एक निर्णय पत्त्यावरून चुकत असेल तर दुसरेही चुकत असणार, या विचाराने जुन्या यंत्रावर "पोस्टकॉन्फ -एन" ही आज्ञा देऊन बदललेली सर्व सेटिंग वाचली. "मायनेटवर्क्स" पुढे १०.२०.०.०/२४ हे संपूर्ण जाळे लिहिलेले होते. हिशेब विभागातील स्कॅनरला पासवर्डशिवाय मेल पाठविता यावे म्हणून ते पूर्वी कधी तरी मीच लिहिले होते. मायनेटवर्क्समध्ये असलेल्या पत्त्यावर पोस्टफिक्स विश्वास ठेवते आणि त्याचे मेल जगात कोठेही पोहोचवून देते. आता प्रॉक्सीही त्याच जाळ्यात, आणि जगातील प्रत्येक जण प्रॉक्सीच्या पत्त्याने येणार. म्हणजे पोर्ट २५ सर्वांसाठी उघडे रिले झाले होते. "पोस्टक्यू -पी" दिल्यावर रांगेत ज्यांचा पाठवणारा आणि घेणारा दोघेही पेढीबाहेरचे होते असे मेल दिसले. त्यांना तत्काळ हटवून मायनेटवर्क्समध्ये केवळ १२७.०.०.०/८ आणि स्कॅनरचा एकटा पत्ता ठेवला. प्रॉक्सी बसविल्यानंतर इतर काही पाहावयाचे नसेल तरी ही एक ओळ पाहावी, पोस्टफिक्स ३.० च्या आधीच्या आवृत्त्यांत तर मायनेटवर्क्स लिहिलेले नसल्यास स्वतःचे पूर्ण उपजाळे विश्वासू मानले जात असे.

हीच गत इतर तपासण्यांची होते. एसपीएफ पडताळणी (त्या पत्त्याला त्या डोमेनचे मेल पाठविण्याची परवानगी आहे का हे पाहणे), काळ्या यादीतील पत्त्यांची विचारणा आणि ग्रे-लिस्टिंग (अनोळखी पत्त्याचे पहिले मेल तात्पुरते परत पाठविणे) ही तिन्ही प्रॉक्सीच्या खाजगी पत्त्यावर चालू लागली की त्यांना काही अर्थ उरत नाही. पोस्टफिक्स एका पत्त्याला एका वेळी ५० जोडण्या देते आणि डव्हकॉट एका वापरकर्त्याला एका पत्त्यावरून दहा. प्रॉक्सीमागे या मर्यादा अनेकांत वाटल्या जातात आणि "जोडण्या फार झाल्या" अशी तक्रार लॉगमध्ये दिसू लागते. मर्यादा वाढवून ती तक्रार गप्प करता येते, पण त्याने मूळ दोष तसाच राहतो.

कायमचा उपाय: खरा पत्ता मागे पोहोचविणे

एचएप्रॉक्सीचे कर्ते विली तारो यांनी यासाठी प्रॉक्सी प्रोटोकॉल नावाची पद्धत आखली आहे. जोडणी उघडताच, मेलचे पहिले अक्षर जाण्याआधी, प्रॉक्सी एक ओळ पाठवते आणि तिच्यात मूळ ग्राहकाचा पत्ता, गंतव्य पत्ता आणि दोघांचे पोर्ट सांगते. पहिल्या आवृत्तीत ही ओळ साध्या मजकुरात असते आणि १०७ बाइटांपलीकडे जात नाही. दुसरी आवृत्ती बायनरी आहे. मागच्या सर्व्हरने ती ओळ वाचून त्या पत्त्यालाच ग्राहक मानायचे, इतकेच.

या प्रोटोकॉलची अट एकच आहे आणि बहुतेक चुका तिच्यामुळेच होतात: दोन्ही बाजूंचे एकमत असले पाहिजे. प्रॉक्सी ओळ पाठवते पण सर्व्हर तिची वाट पाहत नसेल, तर पोस्टफिक्स तिला न समजलेली आज्ञा मानून ५०२ किंवा ५०० क्रमांकाची चूक देते, आणि टीएलएसच्या पोर्टावर डव्हकॉटला ती हस्तांदोलनातील कचरा वाटते. उलट सर्व्हर ओळीची वाट पाहत असेल आणि प्रॉक्सी ती पाठवत नसेल, तर पोस्टफिक्स पाच सेकंद आणि डव्हकॉट तीन सेकंद थांबून जोडणी तोडतो. म्हणून चालू पोर्टावर हा बदल करू नये. मागच्या यंत्रावर शेजारी नवे पोर्ट उघडावे, तेथे हाताने चाचणी घ्यावी, आणि मग प्रॉक्सीला त्या पोर्टाकडे वळवावे. जुने पोर्ट तोपर्यंत लोकांचे काम चालू ठेवते.

डव्हकॉटच्या २.३ आवृत्तीसाठी १०-मास्टर.कॉन्फ या फाइलीत पुढील ओळी जोडल्या:

एचएप्रॉक्सी_ट्रस्टेड_नेटवर्क्स = १०.२०.०.५/३२
सर्व्हिस आयमॅप-लॉगिन {
  आयनेट_लिसनर आयमॅप्स_प्रॉक्सी {
    पोर्ट = १०९९३
    एसएसएल = येस
    एचएप्रॉक्सी = येस
  }
}

पहिली ओळ विसरल्यास डव्हकॉट प्रॉक्सीला अविश्वासू ठरवून जोडणी तोडतो. कित्येक ठिकाणी तिच्याऐवजी "लॉगिन_ट्रस्टेड_नेटवर्क्स" लिहिलेले आढळते. ते सेटिंग निराळे आहे, ते प्रॉक्सी प्रोटोकॉलची ओळ वाचत नाही, आणि शिवाय त्या पत्त्यावरून येणाऱ्यांना कूटबद्ध न केलेल्या जोडणीवरही पासवर्ड देण्याची मुभा देते. ज्यांच्याकडे डव्हकॉट २.४ आहे त्यांनी वरील ओळी आंधळेपणाने उतरवू नयेत, कारण त्या आवृत्तीत फाइलीची रचनाच बदलली आहे. कोणतीही आवृत्ती असली तरी बदलानंतर "डव्हकॉन्फ -एन" देऊन डव्हकॉटला काय समजले आहे ते वाचावे.

पोस्टफिक्समध्ये हे सेटिंग मेन.सीएफमध्ये टाकण्याचा मोह होतो, आणि मी एकदा तो मोह अनुभवला आहे. तेथे लिहिलेली ओळ त्या यंत्रावरील सर्वच एसएमटीपीडी, म्हणजे मेल स्वीकारणाऱ्या, सेवांना लागू होते. मग स्कॅनर, स्थानिक कार्यक्रम आणि मेल तपासून परत करणारा अमाविस हे सर्व पाच-पाच सेकंद ताटकळून परत फिरतात, कारण त्यांच्यापैकी कोणीही प्रॉक्सीची ओळ पाठवत नाही. म्हणून मास्टर.सीएफमध्ये स्वतंत्र सेवा उघडावी:

१०१२५ आयनेट एन - वाय - - एसएमटीपीडी
  -ओ एसएमटीपीडी_अपस्ट्रीम_प्रॉक्सी_प्रोटोकॉल=एचएप्रॉक्सी

दुसऱ्या ओळीच्या आरंभी मोकळी जागा हवी आणि बरोबरच्या चिन्हाभोवती मात्र ती नको. पोर्ट १००२५ जाणूनबुजून टाळले आहे, कारण अमाविस बहुधा तपासलेले मेल त्याच पोर्टावर परत देतो आणि दोघांची गाठ पडली की निराळेच कोडे उभे राहते. ज्यांच्याकडे पोर्ट २५ वर पोस्टस्क्रीन (नको त्या जोडण्या आधीच गाळणारी पोस्टफिक्सची सेवा) बसविली आहे त्यांनी हे सेटिंग एसएमटीपीडीला न देता "पोस्टस्क्रीन_अपस्ट्रीम_प्रॉक्सी_प्रोटोकॉल" या नावाने पोस्टस्क्रीनला द्यावे. एसएमटीपीडीला पत्ता तिच्याकडूनच मिळतो. कर्मचाऱ्यांचे मेल पाठविणाऱ्या सेवेसाठी नव्या यंत्रावर याच रीतीने १०५८७ हे पोर्ट उघडले. सबमिशन सेवेखाली आधीपासून असलेल्या सर्व "-ओ" ओळी नव्या सेवेखालीही उतरवाव्या लागतात, अन्यथा नव्या पोर्टावर पासवर्ड विचारलाच जात नाही.

आता फायरवॉलविषयी, आणि हा भाग घाईने वाचू नये. डव्हकॉटकडे विश्वासू प्रॉक्सींची यादी आहे. पोस्टफिक्सकडे तशी यादी नाही. १०१२५ या पोर्टावर जो कोणी येईल आणि ओळीत जो पत्ता सांगेल तो पोस्टफिक्स खरा मानते. एखाद्याने थेट तेथे जोडून घेऊन "मी १२७.०.०.१" असे सांगितले की तो मायनेटवर्क्समध्ये गणला जातो आणि उघडे रिले पुन्हा तयार होते, या वेळी कोणत्याही चुकीच्या मायनेटवर्क्सशिवाय. म्हणून सेवा चालू करण्याआधी:

यूएफडब्ल्यू अलाऊ फ्रॉम १०.२०.०.५ टू एनी पोर्ट १०१२५ प्रोटो टीसीपी

आणि येणाऱ्या इतर सर्व जोडण्यांवर मूळ नकार असल्याची "यूएफडब्ल्यू स्टेटस व्हर्बोज" देऊन खात्री करावी. इतर दोन पोर्टांसाठीही हेच करावे.

चाचणी प्रॉक्सीच्या यंत्रावरूनच घ्यावी लागते, कारण आता तेवढ्यालाच प्रवेश आहे. २०३.०.११३.७ हा पत्ता केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी आहे, त्यामुळे लॉगमध्ये तो दिसला तर तो आपल्याच चाचणीचा आहे हे निश्चित:

(प्रिंटएफ 'प्रॉक्सी टीसीपी४ २०३.०.११३.७ १०.२०.०.१२ ४०००० १०१२५\आर\एन'; स्लीप २; प्रिंटएफ 'क्विट\आर\एन') | एनसी १०.२०.०.१२ १०१२५

येथे "प्रॉक्सी टीसीपी" हे दोन शब्द मात्र मोठ्या अक्षरांत टंकावेत. २२० क्रमांकाचे स्वागत आणि २२१ क्रमांकाचा निरोप आला, आणि मेल.लॉगमध्ये "कनेक्ट फ्रॉम" पुढे २०३.०.११३.७ दिसला, की पोस्टफिक्सची बाजू तयार झाली.

त्यानंतर एचएप्रॉक्सीच्या फाइलीत मागच्या यंत्रांच्या ओळी बदलल्या:

सर्व्हर आयमॅप१ १०.२०.०.११:१०९९३ चेक इंटर ३०एस सेंड-प्रॉक्सी-व्ही२
सर्व्हर एमएक्स१ १०.२०.०.१२:१०१२५ चेक इंटर ३०एस सेंड-प्रॉक्सी

दोन ओळींत दोन निरनिराळ्या आवृत्त्या का, याचे उत्तर मला एक दुपार घालवून मिळाले. पोस्टफिक्सला हा प्रोटोकॉल २.१० पासून समजतो, परंतु त्याची दुसरी, बायनरी आवृत्ती ३.५ पासूनच समजते, आणि उबुंटू २०.०४ वर पोस्टफिक्स ३.४ आहे. मी दोन्हीकडे व्ही२ लिहिले होते, आयमॅप सुरळीत चालले आणि बाहेरून येणारे सारे मेल अडले. "पोस्टकॉन्फ मेल_व्हर्जन" ही आज्ञा आधी दिली असती तर ती दुपार वाचली असती. तपासणीची वेळ दोनऐवजी तीस सेकंद केली ती लॉगसाठी; प्रॉक्सीच्या तपासण्या मेल न पाठवता जोडणी तोडतात आणि त्यांच्या ओळींनी लॉग भरून जातो.

जे एचएप्रॉक्सीऐवजी एनजिनएक्स वापरतात त्यांना स्ट्रीम विभागात "प्रॉक्सी_प्रोटोकॉल ऑन" लिहून हेच साधते. एनजिनएक्सचा मेल विभाग ही निराळी वस्तू आहे आणि तिला प्रमाणीकरणासाठी स्वतंत्र एचटीटीपी सेवा लागते. केवळ पत्ता पोहोचविण्यासाठी तिच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

रिलोड करण्याआधी "एचएप्रॉक्सी -सी -एफ /ईटीसी/एचएप्रॉक्सी/एचएप्रॉक्सी.सीएफजी" देऊन फाइल तपासावी. रिलोडनंतरही लॉगमध्ये काही काळ प्रॉक्सीचाच पत्ता दिसत राहिला तर गोंधळून जाऊ नये. रिलोड झाल्यावर जुनी प्रक्रिया तिच्या चालू जोडण्या संपेपर्यंत जिवंत राहते, आणि आयमॅपच्या जोडण्या तासन्‌तास चालतात. "पीग्रेप -ए एचएप्रॉक्सी" दिल्यावर जुनी प्रक्रिया दिसली तर कारण तेच आहे.

वेळमर्यादा

याच फाइलीत दुसरा दोष लपलेला होता आणि त्याने पहिल्याला खतपाणी घातले होते. डेबियन आणि उबुंटूच्या पॅकेजसोबत येणाऱ्या फाइलीत "टाइमआउट क्लायंट" आणि "टाइमआउट सर्व्हर" ५०,००० मिलिसेकंद, म्हणजे ५० सेकंद असतात. संकेतस्थळांसाठी ते ठीक आहे. आयमॅपमध्ये मात्र मोबाइल "आयडल" ही आज्ञा देऊन नवे मेल येण्याची शांतपणे वाट पाहत बसतो. मानकाने त्याला जास्तीत जास्त २९ मिनिटे तसे बसण्याची मुभा दिली आहे, आणि डव्हकॉटही मधूनमधून "मी आहे" असे सांगतो ते दर दोन मिनिटांनी. पन्नास सेकंद शांतता झाली की एचएप्रॉक्सी जोडणी तोडत होती, मोबाइल पुन्हा लॉगिन करीत होता, आणि ज्याच्याकडे जुना पासवर्ड होता त्याच्या चुकाही त्याच वेगाने वाढत होत्या. आयमॅपच्या विभागात दोन्ही मर्यादा ३१ मिनिटे केल्या. एसएमटीपीसाठी ११ मिनिटे ठेवल्या, कारण मेलचा मजकूर संपल्यावर सर्व्हरच्या उत्तरासाठी पाठवणाऱ्याने दहा मिनिटे थांबावे असे मानकात सांगितले आहे.

बंदी कोठे घालावी

एवढे केल्यावर लॉगमध्ये खरे पत्ते दिसू लागले, मी इग्नोरआयपीमधली मलमपट्टी काढली, आणि फेल-टू-बॅन खऱ्या चोराला अडवू लागले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर अडवलेला पत्ता अडवल्यानंतरही निवांतपणे पासवर्ड टाकत होता.

चूक माझ्या समजुतीत होती. प्रॉक्सी प्रोटोकॉलमुळे खरा पत्ता डव्हकॉटला कळतो. मागच्या यंत्राच्या फायरवॉलला तो कळत नाही. फायरवॉल पॅकेट पाहते, आणि पॅकेटवर अजूनही प्रॉक्सीचाच पत्ता असतो. शिवाय बंदी ९९३ या पोर्टावर घातली जात होती आणि जोडण्या १०९९३ वर येत होत्या. मागच्या यंत्रावर घातलेली बंदी म्हणजे मागच्या दाराला लावलेले कुलूप, आणि पाहुणे तर पुढच्या दाराने आत आलेले.

म्हणून ओळखणे मागे आणि अडवणे पुढे, अशी विभागणी केली. दोन्ही यंत्रांचे मेल लॉग आरसिसलॉगने प्रॉक्सीच्या यंत्रावर पाठविले, फेल-टू-बॅन मागच्या यंत्रांवर बंद करून प्रॉक्सीवर चालू केले, आणि त्याला ते लॉग वाचावयास दिले. खऱ्या पत्त्याचे पॅकेट प्रॉक्सीवरच येते, त्यामुळे तेथली बंदी खरोखर लागते. मोबाइलवरील बरीच वाहतूक आयपीव्ही६ ने येते. तेव्हा फेल-टू-बॅनची आवृत्ती ०.१० किंवा त्यापुढची आहे हे पाहून घ्यावे, कारण त्याआधीच्या आवृत्त्या तसे पत्ते अडवत नाहीत. पेढीच्या कार्यालयाचा स्थिर पत्ता मात्र इग्नोरआयपीमध्ये ठेवला. कार्यालयातील सर्व संगणक बाहेर एकाच पत्त्याने दिसतात, आणि तो अडवला गेला तर सोमवारची कथा लहान प्रमाणात पुन्हा घडली असती. ही सवलत मला मनापासून पटलेली नाही, पण ओळखीच्या एका पत्त्याला ती देणे आणि संपूर्ण जगाला देणे यांत फरक आहे.

एचएप्रॉक्सीच्या स्वतःच्या स्टिक-टेबलने मिनिटाला ठरावीक संख्येपेक्षा अधिक जोडण्या करणाऱ्याला अडवता येते, आणि काही जण फेल-टू-बॅनऐवजी तेच वापरतात. त्याला जोडण्या मोजता येतात, चुकीचे पासवर्ड मोजता येत नाहीत; मी ते केवळ पोर्ट २५ वर ठेवले आहे.

शेवटी, काम पूर्ण झाल्यावर आरंभीची आरआयपी मोजणारी आज्ञा पुन्हा द्यावी. यादी लांब असावी; तिच्यात प्रॉक्सीचा पत्ता तपासण्यांपुरताच उरावा आणि लॉगिनच्या ओळींत तो कोठेही नसावा. नंतरच्या सोमवारी साडेदहाला मी फोनची वाट न पाहता स्वतःच प्रॉक्सीवरील लॉग उघडून बसलो. एका विक्रेत्याचा मोबाइल जुन्या पासवर्डमुळे अडवला गेला होता, बाकीच्यांची बिले जात होती, आणि पावणेअकराला फोन आला तो त्या विक्रेत्याचा होता.